चौथी ओळ

सीमा गमरे आमच्या कंपनीत आल्या तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. जन्म नायगावच्या बीडीडी चाळीतला, वाढल्या तिथेच. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला आणि मग बावीस वर्षं लॅमिंग्टन रोडवर अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग केलं. आधी टीव्ही, मग सीडी प्लेयर, मग मोबाइल. लोकांचं जे जे बंद पडत गेलं ते ते त्यांच्या हाताखालून गेलं. लॉकडाउनमध्ये अण्णांनी दुकान कायमचं बंद केलं आणि ते मुलाकडे निघून गेले. सीमाताई घरी बसल्या. पाचव्या महिन्यात त्यांना मेघना दळवींचा फोन आला.

मेघना आमच्या कंपनीच्या मालकीण. लालबागच्या. बेंगळुरूला एका मोठ्या चिप कंपनीत बारा वर्षं काढून त्या परत आल्या आणि लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर, त्यांनी 'तोल सेमिकंडक्टर' नावाची अकरा माणसांची कंपनी काढली. खाली लग्नपत्रिकांचा छापखाना, समोर मॉलची मागची भिंत. आमचं काम चिप डिझाइन करायचं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीत लहान लहान सेल ओळीने जोडलेले असतात. त्यातला प्रत्येक सेल किती भरलाय हे सारखं मोजत राहावं लागतं, नाहीतर एखादा जास्त भरतो, एखादा रिकामा राहतो आणि बॅटरी अकाली मरते. आमची चिप असे सोळा सेल मोजायची. आम्ही ती कम्प्युटरवर आखायचो, प्रत्यक्षात ती तैवानमधल्या एका कारखान्यात बनून यायची. आल्यावर बोर्डावर बसवून तपासायची, आणि हे बसवण्याचं काम हाताने करणारं माणूस मेघनांना हवं होतं. बेंगळुरूहून सुट्टीला आल्या की त्या आपले बिघडलेले बोर्ड अण्णांच्या दुकानात घेऊन जायच्या. दुकानाचं नाव त्या विसरल्या होत्या, सीमाताईंचा हात विसरल्या नव्हत्या.

मी तिथे डेटाशीट लिहायचो. म्हणजे चिप काय करते, कशी जोडायची, किती उष्णता सोसते, हे सांगणारं पत्रक. माझं टेबल सीमाताईंच्या टेबलाला लागून होतं, म्हणून त्यांची हकीकत मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे.

त्यांची एक सवय होती. तैवानहून खोकं आलं की त्यात काही चिप उघड्या असायच्या, काळं कवच न चढवलेल्या. नखाच्या पाव भागाएवढा चकचकीत तुकडा. काम सुरू करण्याआधी सीमाताई त्यातला एक मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आणि पाच-सात मिनिटं नुसत्या बघत राहायच्या. पहिल्यांदा मी विचारलं, काही बिघाड दिसतोय का. त्या म्हणाल्या, नाही रे, बघतेय. मग डोळा न उचलता म्हणाल्या, "हे बनताना कसं दिसत असेल?"

त्यामागची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच महिन्यांनी, एकदा डबा खाताना सांगितली. आयटीआयचा शेवटचा निकाल लागला तेव्हा पंजाबातल्या एका चिप कारखान्यातून त्यांना पत्र आलं होतं. दोन वर्षांचं शिक्षण, राहायला हॉस्टेल, नंतर नोकरी. त्यांच्या वर्गातून एकट्या त्यांचीच निवड झाली होती. वडील, सीताराम गमरे, गिरणीतून घरी बसलेले होते ते आदल्याच वर्षी गेले होते. आई रमाबाईंना नुकताच अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि भाऊ सातवीत होता. तरीही सीमाताईंनी हिंदमाताच्या फुटपाथवरून एक स्वेटर घेतला. पंजाबात थंडी असते म्हणून.

"आई नको म्हणाली नाही," त्या म्हणाल्या. "तिने फक्त विचारलं, तिकडे पाणी किती वाजता येतं? मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाली, विचारून घे, पहाटे येत असेल तर तुला उठवणार कोण. मग मी जाऊच शकले नाही."

पुढच्या महिन्यात त्या अण्णांच्या दुकानात लागल्या. पत्र त्यांनी कुठेतरी जपून ठेवलं आणि नंतर ते सापडलं नाही. लग्न राहून गेलं, भाऊ शिकला, ठाण्याला राहायला गेला. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. फक्त एवढं म्हणाल्या, की पंचवीस वर्षं होत आली चिपांना हात लावतेय, पण चिप बनते ती जागा पाहिलेली नाही. एखाद्याने आयुष्यभर भाकऱ्या थापाव्यात आणि जोंधळ्याचं शेत बघितलेलं नसावं, तसं.

आमची पहिली चिप तयार झाली आणि चांगली झाली. पण ती घेणार कोण हा प्रश्न होता. आमच्यासारख्या लहान कंपनीने चिप आखली तरी ती लाखांच्या संख्येने गाड्यांत बसायची तर पाठीशी कुणीतरी मोठं लागतं. बॅटरी बनवणारी एखादी मोठी कंपनी, जिचे स्वतःचे कारखाने आहेत, जिच्यावर गाडीवाल्यांचा विश्वास आहे. मेघना अशा कंपन्यांच्या मागे दीड वर्ष फिरल्या. प्रदर्शनांत स्टॉल लावले, चाळीस-चाळीस पानांची प्रेझेंटेशनं केली. एकदा पुण्याच्या बाजूला एका कंपनीत मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. चिप त्यांना आवडली. शेवटी तिथल्या खरेदीच्या प्रमुखांनी विचारलं, की आम्ही एक गाडी आणली की दहा वर्षं तिचे भाग पुरवतो, दहा वर्षांनी तुमची कंपनी असेल का? मेघना म्हणाल्या, असेल. ते हसले आणि त्यांनी पुन्हा एकदा चहा मागवला. दुसरा चहा म्हणजे नकार, हे मेघनांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी आम्हा अकराजणांना बोलावलं. म्हणाल्या, इतके दिवस आपण साहेबांच्या केबिनी झिजवल्या. साहेब आपली चिप हातात घेत नाही, तो आपली कंपनी बघतो, आणि कंपनी म्हणून आपण लहानच दिसणार. चिप हातात घेतो तो खाली बसलेला इंजिनियर. तेव्हा यापुढे आपण कुणाच्या दारात जायचं नाही. चाळीस खोकी तयार करायची. प्रत्येकात चिप बसवलेला एक बोर्ड, जो खोकं उघडल्यापासून दहा मिनिटांत चालला पाहिजे. ती खोकी चाळीस इंजिनियरांच्या टेबलावर जातील. आणि बोर्ड असा, की ते आज ज्या मोठ्या परदेशी कंपनीची चिप वापरतात ती काढून त्याच जागी आपली बसेल, त्यांना काहीच बदलावं लागणार नाही.

वैभव चुरी आमचा मुख्य डिझायनर. ही चिप त्यानेच आखलेली. त्याला कल्पना पटली. खोक्यात एक पानभर पत्रक असावं, चिपचे गुण सांगणारं, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सीमाताई एरवी मीटिंगमध्ये बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"मॅडम, अण्णांच्या आजूबाजूला तीन दुकानं होती. तिन्हीकडे पाटी, सर्व काही दुरुस्त होईल. अण्णा मात्र गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे, हे होईल, हे होणार नाही, आणि हे केलं तरी सहा महिन्यांच्या वर टिकणार नाही. माणूस तेव्हा शेजारी जायचा. पण महिन्याभराने परत आमच्याकडेच यायचा." मग म्हणाल्या, "आपली चिप कुठे चालत नाही, ते लिहा त्या कागदावर."

वैभव म्हणाला, "म्हणजे आपणच आपल्या मालाला नावं ठेवायची?"

मेघना म्हणाल्या, आधी कुठे चालत नाही ते शोधू तरी.

ते शोधायचं काम सीमाताईंकडे आलं. उष्णतेसाठी आमच्याकडे छोटी भट्टी होती. ओलाव्यासाठी यंत्र नव्हतं, घेण्याची ऐपतही नव्हती. सीमाताईंनी घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणला, तळाशी ओलं मीठ पसरलं, वर जाळीवर बोर्ड ठेवला आणि झाकण लावून डबा भट्टीत सरकवला. वैभवला हसू आलं. मग त्याने जाऊन शोधलं तर ओलावा एका पातळीवर धरून ठेवण्याची ही पद्धत प्रयोगशाळांत खरोखरच वापरतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, मीठ बरणीत ओलं झालं की पावसाळाभर तसंच राहतं, हे कुणी सांगायला कशाला हवं?

तिसऱ्या आठवड्यात त्यांना ते सापडलं. डब्यात तीन तास राहिल्यावर सोळाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या सेलचं माप सरकायचं. पाच मिलिव्होल्टने. बाकी पंधरा जागच्या जागी. वैभवने दोन दिवस डिझाइन तपासलं, काही मिळेना. सीमाताईंनी तोच बोर्ड स्पिरिटने धुतला, मऊ ब्रशने चिपच्या पोटाखालून घासला, वाळवला आणि पुन्हा डब्यात ठेवला. माप सरकलं नाही. सोल्डरिंग करताना जी राळेसारखी पेस्ट लावतात तिचा पातळ थर चिपखाली उरत होता, तो ओलावा धरत होता आणि त्यातून विजेचा अगदी बारीक झिरपा होत होता. चिप इतकी बारीक मोजायची की तो झिरपाही तिला लागत होता.

म्हणजे दोष धड चिपचा नव्हता, धड बोर्डाचाही नव्हता. वैभवचं म्हणणं, मग लिहायचं कशाला. मी दोन्ही प्रकारे पत्रक लिहून मेघनांकडे दिलं. त्यांनी ते सीमाताईंना वाचून दाखवायला सांगितलं. मी इंग्रजी वाचत मराठीत सांगत गेलो. चौथी ओळ अशी होती, की दमट हवेत, बोर्ड नीट धुतलेला नसेल तर सोळाव्या सेलचं माप पाच मिलिव्होल्टपर्यंत चुकतं, तेव्हा चिपखाली हाताने धुवा. सीमाताईंनी मान हलवली. म्हणाल्या, "हे वाचून कुणी आपल्याकडे आला नाही, तर तो तसाही टिकणारा नव्हता."

चाळीसच्या चाळीस बोर्ड त्यांनी एकटीने केले. माझ्या वाट्याला पत्ते शोधणं होतं. तांत्रिक परिषदांत ज्यांनी निबंध वाचलेत, ज्यांना बॅटरीचं खरंच काही कळतं, अशा लोकांची नावं काढली. फेब्रुवारीत खोकी गेली.

आणि मग काहीच झालं नाही.

त्या दिवसांत सीमाताईंचं दुसरंही एक वाट बघणं चालू होतं. त्यांची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली होती. काळाचौकीला भाड्याने एक खोली घेऊन त्या रमाबाईंना तिथे घेऊन गेल्या होत्या. जागा वाईट नव्हती, आतच नळ होता. पण रमाबाई संध्याकाळ झाली की पदर सावरून दाराशी येऊन बसायच्या आणि चला आता घरी, म्हणायच्या. पहिले काही दिवस सीमाताई समजावत राहिल्या, की नवी बिल्डिंग बांधतायत, तीन वर्षांनी आपल्याला तिथेच घर मिळणार आहे. पुढे त्या नुसतं, जाऊ उद्या, म्हणू लागल्या. जूनमध्ये रमाबाई गेल्या. जलदान विधीला आम्ही सगळे गेलो होतो. परतताना सीमाताई मेघनांना म्हणाल्या, "मला वाटायचं, आईमुळे मी अडकलेय. आता सुटले तर जायचं कुठे तेच सुचत नाही."

आठ दिवसांनी त्या कामावर आल्या. आल्या आल्या मला विचारलं, कुणाचं उत्तर आलं का. हा प्रश्न त्या रोज विचारायच्या. मी नाही म्हटलं की टेबलावरचा दिवा लावायच्या आणि कामाला लागायच्या. चाळीसातल्या पाच जणांनी आभाराचं दोन ओळींचं उत्तर पाठवलं. एक खोकं पत्ता चुकीचा म्हणून परत आलं. बाकी शांतता. आमच्यातले दोघं दुसरीकडे नोकरीला लागले.

ऑक्टोबरमध्ये एक ईमेल आला. गुजरातमध्ये साणंदजवळ बॅटरी आणि चिपचं पॅकेजिंग करणाऱ्या 'अरुणिम' नावाच्या मोठ्या कंपनीतून. लिहिणारीचं नाव प्रिती शिर्के, हुद्दा सीनियर इंजिनियर. तिने चिपबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. एकच प्रश्न होता. चौथी ओळ कोणी लिहिली?

मेघनांनी तिला फोन लावला. प्रितीने सांगितलं, की कोकण आणि केरळच्या किनाऱ्यावरून त्यांच्या बॅटऱ्या वर्षभर परत येत होत्या. भरलेल्या असूनही रिकाम्या दाखवायच्या. त्यांनी सेल बदलले, सेलवाल्यांशी भांडणं झाली. आमचं खोकं तिच्या कपाटात सात महिने पडून होतं. एक दिवस सहज उघडलं, पत्रक वाचलं, आणि परत आलेल्या बॅटरीतला एक बोर्ड तिने स्वतः धुऊन पाहिला. त्यावर चिप परदेशी कंपनीची होती. माप जागेवर आलं.

पुढच्या महिन्यात प्रिती आणि तिचे दोन वरिष्ठ लोअर परळला आले. वरिष्ठ मेघनांबरोबर आत बसले. प्रिती बाहेर सीमाताईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि तासभर उठली नाही. ब्रश कुठला, किती वेळ घासायचं, टोक कसं धरायचं. सीमाताईंनी तिच्या हातात ब्रश दिला आणि मनगट धरून दाखवलं. मधेच प्रितीने विचारलं, तुम्ही कुठे शिकलात. त्यांनी सांगितलं, लॅमिंग्टन रोडला. प्रिती साताऱ्याची होती, तिला तो रस्ता माहीत नव्हता. कुठली इन्स्टिट्यूट असेल असं वाटून तिने मान डोलावली.

आत मात्र तोच जुना प्रश्न आला. दहा वर्षांनी तुम्ही असाल का? या वेळी मेघना असू म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, नसूही. म्हणून या चिपचं सगळं डिझाइन, अगदी शेवटच्या रेघेपर्यंत, आम्ही एका तिऱ्हाईत संस्थेकडे सीलबंद ठेवायला तयार आहोत. आम्ही बंद पडलो तर ते तुम्ही उघडा आणि चिप तुमच्या नावावर बनवून घ्या. हे त्यांनी आम्हा कुणालाच आधी सांगितलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर वैभव गॅलरीत जाऊन उभा राहिला. मेघना त्याच्यापाशी गेल्या. तो म्हणाला, तीन वर्षं घातली मी त्यात. मेघना म्हणाल्या, माहीत आहे. पण लहान माणसाने मोठ्याला बोलवायचं तर त्याच्या भीतीवर आधी काहीतरी ठेवावं लागतं, नुसत्या गुणांवर तो येत नाही. वैभव दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि सीलबंद द्यायच्या नकाशांची यादी करायला बसला.

करार व्हायला आठ महिने लागले. झाला तेव्हा मेघनांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की तैवानच्या कारखान्याशी आता अरुणिमच्या वतीने मोठं काम सुरू होणार, त्यांनी आपल्या तिघांना बोलावलंय. म्हणजे त्या स्वतः, वैभव आणि सीमाताई.

सीमाताईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. "मी तिथे काय करणार?" त्या म्हणाल्या. मेघना म्हणाल्या, "बघणार."

त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. मीच त्यांचा अर्ज भरून दिला. कायमचा पत्ता या रकान्यात त्यांनी सांगितला तो चाळीचा, चौदा नंबर, दुसरा माळा. सगळी कागदपत्रं त्याच पत्त्यावर होती. चौकशीसाठी माणूस गेला तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण आणि आत क्रेन होती. काळाचौकीच्या खोलीचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, तो नुकताच संपून नवा व्हायचा होता. दोष कुणाचा नव्हता. ज्या घरावर त्यांचं नाव होतं ते जागेवर नव्हतं, आणि ज्या घरात त्या राहत होत्या त्यावर त्यांचं नाव नव्हतं. नवी कागदपत्रं जमवेपर्यंत तारीख निघून गेली. मेघना तारीख पुढे ढकलायला तयार होत्या, पण तारीख त्यांच्या हातातली नव्हती. वैभव आणि मेघना दोघंच गेले.

त्या आठवड्यात सीमाताई रोज वेळेवर यायच्या. एका दुपारी वैभवने तिकडून फोटो पाठवले. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे फक्त बाहेरची इमारत, खिडक्या नसलेली, लांबलचक. सीमाताईंनी माझा फोन हातात घेऊन तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मग परत दिला. "पांढरीच आहे," एवढंच म्हणाल्या.

वैभव परत आला तो सरळ त्यांच्या टेबलाशी गेला. आपण काय काय पाहिलं ते त्याने अर्धा तास सांगितलं. पिवळा प्रकाश, छतावरून रुळांवर धावणारे डबे, माणसं जवळजवळ नाहीतच. सांगता सांगता तो थांबला आणि म्हणाला, तुम्ही असायला हव्या होतात ताई. मला अर्धं कळलं नाही, तुम्ही विचारलं असतंत. सीमाताईंनी त्याला पाणी दिलं.

त्यांचा पासपोर्ट दोन महिन्यांनी आला. पण तोवर दुसरंच काही घडलं. प्रितीने साणंदहून विचारलं, की आमच्या नव्या विभागात वीस मुली घेतल्या आहेत, बोर्ड बसवणं आणि धुणं त्यांना शिकवायला सीमाताई वर्षभर येतील का. शिवाय पॅकेजिंगचा विभाग शेजारीच आहे, तिथे त्यांना आत जाता येईल. हा कारखाना चिप जन्माला घालत नव्हता, उघड्या चिपांना सोन्याच्या तारा जोडून वर कवच चढवत होता.

आधी मेघना, वैभव, सीमाताई आणि मी असे चौघं दोन दिवसांसाठी तिथे गेलो. आत जाण्यापूर्वी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालावा लागला, डोळे तेवढे उघडे. सीमाताई एका यंत्रासमोर थांबल्या. केसापेक्षा बारीक तार सुईतून येत होती आणि चिपच्या कडेला टाचली जात होती, सेकंदाला कित्येक टाके. तिथली मुलगी विशीतली असेल. तिने यंत्र हळू करून दाखवलं. बाहेर आल्यावर प्रितीने विचारलं, कसं वाटलं. सीमाताईंनी आधी हातमोजे काढून ठेवले.

"चांगलं आहे. पण मला आत असताना सारखं वाटत होतं, कुणीतरी येऊन म्हणेल, बाई, तुमची वेळ संपली."

मुंबईला आल्यावर त्यांनी पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. मेघनांनी विचारलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "वीस वर्षांची असताना जायचं होतं ते शिकायला. आता शिकवायला बोलवतात. दोन्हीत फरक आहे रे. शिकायला जाणाऱ्याला माघारी यायचं असतं की नाही, ते माहीत नसतं." जायचं तर खरं काय अडलंय, मी म्हटलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मायक्रोस्कोप, भट्टी, वैभवचं पसरलेलं टेबल. "हेच," म्हणाल्या. तरी त्या गेल्या.

त्यांच्या जागी आम्ही कुणाला घेतलं नाही. घेण्याची गरज उरली नव्हती. बोर्ड आता साणंदलाच बनत होते. आमच्याकडे कामं वाढली, माणसं अठरा झाली, वरचा गाळाही घेतला. ज्या मोठ्या कंपन्यांनी उत्तर दिलं नव्हतं त्यातल्या दोन कंपन्यांनी स्वतःहून फोन केला, कारण अरुणिमने घेतलंय म्हटल्यावर आमच्या वयाचं कुणी विचारेना. मेघनांनी योजलं होतं ते सगळं झालं. पण खोलीचा तो कोपरा मला बघवायचा नाही. रविवारी सीमाताईंचा फोन यायचा. मुलींची नावं सांगायच्या, कुणाचा हात स्थिर आहे, कुणाचा नाही. तिकडे आभाळ फार मोठं आहे म्हणायच्या, आणि सातनंतर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. खालचा छापखाना चालू आहे का, हे प्रत्येक वेळी विचारायच्या.

वर्षाचं सव्वा वर्ष झालं. यंदा नायगावच्या घराची चावी मिळाली. सीमाताई दोन दिवसांची रजा काढून आल्या आणि मला बरोबर चल म्हणाल्या. सोळावा मजला. आत कोऱ्या रंगाचा वास, फरशीवर सिमेंटचे शिंतोडे. त्यांनी बसायला वर्तमानपत्र पसरलं, पण बसल्या नाहीत. स्वयंपाकघराचा नळ सोडून पाहिला, बंद केला. शेजारच्या घरातून एक बाई डोकावल्या. दुर्गा त्यांचं नाव.

"कुठल्या चाळीतल्या तुम्ही?"

"चौदा. दुसरा माळा."

"आम्ही नऊ नंबर. राहायला कधी येताय?"

"बघू," सीमाताई म्हणाल्या. "अजून ठरलं नाही." दुर्गाबाई बराच वेळ बोलत राहिल्या, कोण कुठल्या मजल्यावर गेलं, कोण आता उरलं नाही. सीमाताई सगळ्यांची नावं ओळखत होत्या.

त्या गेल्यावर सीमाताई खिडकीशी आल्या. खाली पाहून चाळीची जागा नेमकी कुठली ते शोधत होत्या बहुतेक, पण सगळंच खणलेलं होतं. मग त्यांनी मान वर केली.

"हितेंद्र, इथून आपलं ऑफिस दिसतं का रे?"

मी हात करून एक दिशा दाखवली. तिथे चार टॉवर होते आणि त्यांच्यामधून धुरकट आभाळ. आमची इस्टेट त्यांच्या मागेच कुठेतरी असणार. मी तसं सांगितलं. त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि त्या तिकडे बघत उभ्या राहिल्या, मी निघू या म्हणेपर्यंत.